गस्तीवर गेलेली फेरीबोट

माझे मामा बेटावरच्या फेरीबोटीचं इंजिन सांभाळायचे. इंजिन म्हातारं, कुरकुरणारं. पण मामांचा हात लागला की गुमान चालायचं. मामांनी लग्न केलं नाही. आई म्हणायची, "झालंय की त्याचं लग्न! नवरी धूर सोडते, एवढंच."

युद्ध सुरू झालं आणि नौदलाला गस्तीसाठी बोटी कमी पडायला लागल्या. एक अधिकारी धक्क्यावर आला, त्याने आमची फेरीबोट वरखाली न्याहाळली आणि ती सरकारजमा झाल्याचा हुकूम वाचून दाखवला. आठवडाभरात प्रवाशांची बाकं उखडली, बोटीला राखाडी रंग फासला, पुढच्या टोकाला, नाळेवर, तोफ बसवली.

"आजारी माणसाला पलीकडच्या दवाखान्यात न्यायचं कसं?" लोकांनी विचारलं.

"होड्या आहेत ना? फक्त अंधारात होडी पाण्यात घालायची नाही," अधिकारी म्हणाला.

मामांना चला असं कुणी म्हटलं नव्हतं. पण त्या इंजिनावर परका हात पडणार, हे त्यांना सोसेना. आईने खूप विनवलं.

"ताई, बोट परत आणायला कुणीतरी सोबत नको का?" असं म्हणून ते गेलेच.

त्या हिवाळ्यात आईच्या पोटात कळा उठल्या. तिने दुखणं अंगावर काढलं. संध्याकाळी ती गडाबडा लोळायला लागली, तेव्हा बाबांनी शेजाऱ्यांची होडी काढली. मी आईचं डोकं मांडीवर घेऊन बसले. अर्ध्या वाटेत अंधारलं, आणि समोरून ओळखीची धडधड ऐकू आली. आईने डोळे उघडले.

"माझा भाऊ आला गं. आता काळजी नाही."

डोळे दिपवणारा झोत अंगावर पडला. "हलू नका!"

"हिचा भाऊ आहे तुमच्या इंजिनावर! बोलवा त्याला!" बाबा ओरडले.

"सगळ्यांचेच भाऊ असतात आमच्याकडे," वरून उत्तर आलं. शिपायांनी होडी तपासली, मग किनाऱ्यावरून परवानगी येईपर्यंत आम्हाला तसंच ताटकळत ठेवलं. दवाखान्याच्या दारात पोहोचलो तेव्हा आई गेली होती.

मामा रजा घेऊन आले. बाबांनी त्यांना सगळं सांगितलं. मामा भिंतीला टेकून खाली बसले.

"थांबायची घंटा झाली, मी इंजिन थांबवलं. खाली इंजिनापाशी बाहेरचं काही दिसत नाही, भाऊजी. मला काय ठाऊक, वर कोण..."

"ठाऊक आहे रे मला," बाबा म्हणाले. पण त्यांनी मान वर केली नाही.

युद्ध संपलं. बोट नौदलानेच ठेवून घेतली. मामा एकटेच परतले. बेटाला नवी फेरीबोट मिळाली, लोक त्यांना बोलवायला आले. ते गेले नाहीत. लोकांची फाटकी जाळी सांधत बसायचे. बाबा त्यांना जेवायला बोलवायचे. दोघं समोरासमोर बसून, आपापल्या ताटाकडे बघत जेवायचे.

बाबांच्या माघारी मी मामांना माझ्या घरी आणलं. समुद्राकडची खोली त्यांच्यासाठी आवरली होती. त्यांनी मागच्या अंगणाकडची मागून घेतली.