रंभाबाईचा बुधवार

खैरबोडीच्या तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, एक सिमेंटचा हत्ती उभा आहे. सोंड अर्ध्यातून तुटलेली, एका कानात साळुंकीचं घरटं. रंभाबाई शेतात जाताना रोज त्याच्यासमोरून जाते आणि रोज एक शिवी हासडते. हत्तीला नाही, गावाला. हत्तीनं तिचं काही वाकडं केलेलं नाही.

आज कुणाला सांगून खरं वाटत नाही, पण चौऱ्याहत्तर ते ब्याऐंशी अशी आठ वर्षं या जागी पाण्याचा बगीचा होता. अड्याळचे लोक सायकलवर डबल सीट येत, लाखनीचे बैलगाड्या जुंपून येत, भंडाऱ्याच्या शाळांच्या सहली यष्टीनं येत. तेव्हाचे सरपंच वासुदेवराव नागपूरला गेले होते. तिथं कुठल्याशा बगीच्यात त्यांनी पोरांची घसरगुंडी पाहिली आणि परत येऊन म्हणाले, आपल्याजवळ तर अख्खा तलाव आहे, आपण घसरगुंडीच्या खाली वाळू काहून टाकायची? पाणीच ठेवू. मग पाळीखाली साठ फूट लांब, चाळीस फूट रुंद, चार फूट खोल असा हौद बांधला. घसरगुंडी लाल कोब्याची. गवंड्यानं ती अकरा दिवस नारळाच्या शेंडीनं घासली होती, एवढी गुळगुळीत की वरून आलेलं चिमणीचं पिल्लूही घसरत जावं. तलावाचं पाणी पाटानं उतरायचं, हौदात पडायचं, थोडं हत्तीच्या सोंडेतून उडायचं. इंजिन नाही, वीज नाही. उतार होता, तेवढा पुरला.

तिकिटाच्या खिडकीत रंभाबाईला बसवलं. कारण गावातला कोणताही पुरुष बसवला असता तर त्यानं अर्ध्या गावाला ओळखीवर आत सोडलं असतं. रंभाबाई स्वतःच्या नवऱ्याला, भोजराजला, तिकिटाशिवाय सोडत नव्हती. भोजराज दारात उभा राहून म्हणायचा, "अवं, मी तुहा नवरा होय."

"घरी," रंभाबाई म्हणायची. "इथं तू रांगेत."

पहिलं वर्ष तिनं सगळं पाहिलं आणि सोसलं. पुरुष पोहत, पोरं घसरत. बायका कुंपणाच्या बाहेर हातावर सगळ्यांचे कपडे घेऊन उभ्या. उन्हात. नवऱ्याचं धोतर एका खांद्यावर, पोराची चड्डी दुसऱ्या. एका दुपारी तिनं सीताबाईला विचारलं. सीताबाई म्हणजे तिची शेजारीण, धानाच्या रोवणीच्या वेळी सगळ्या बायकांच्या पुढं राहून गाणं म्हणणारी.

"सीते, तू आतापर्यंत पान्यात किती दिवस काढले असशील?"

"मले काय माईत? सात वर्साची होती तवापासून रोवतो. कंबर वाकवून."

"उभ्यानं, वाकून, चिखलात. आन् पान्यात बसली कधी?"

"पान्यात कोन बसते बाप्पा? म्हैस?"

रंभाबाईनं त्या दिवशी खिडकी लवकर बंद केली आणि तडक वासुदेवरावांच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली. आठवड्यातला एक दिवस बायकांचा पाहिजे. वासुदेवराव हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की ही हसायला आलेली नाही. चार वेळा नाही म्हणाले. पाचव्यांदा रंभाबाईनं तिकिटाचं पुस्तक आणि किल्ली त्यांच्या पायाशी ठेवली. "मंग उद्यापासून तुमी बसा खिडकीत. तुमचे साळे येतीन फुकट, तवा मोजा त्याइले." वासुदेवरावांना मेहुणे पाच होते. बुधवार मिळाला. बुधवारी शेजारच्या गावचा बाजार, पुरुष तिकडं जातात, दुपारी तीन ते पाच.

त्या बुधवारांबद्दल गावातल्या बायका आजही दबक्या आवाजात बोलतात, जणू चोरून खाल्लेल्या गुळाबद्दल बोलताहेत. पहिल्या बुधवारी अकरा जणी आल्या आणि दीड तास काठावर पाय सोडून बसून राहिल्या. दुसऱ्या बुधवारी सीताबाईनं लुगड्याचा काचा मारला, घसरगुंडीवर चढली, वर जाऊन घाबरली, उतरायला वळली तर मागं सहा जणी उभ्या. ती जी सुटली ती पाण्यात गडप. वर आली तेव्हा तोंडातून पहिला शब्द निघाला, "आणखी एकदा." त्यानंतर तिला आवरणं कुणाच्या हातात राहिलं नाही.

हत्तीचं नाव बायकांनी भासरा ठेवलं. नवऱ्याचा थोरला भाऊ तो भासरा, त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळता कामा नये. म्हणून हत्तीच्या सोंडेखाली बसायचं तर आधी ओल्या लुगड्याचा पदर डोक्यावर ओढायचा, मान खाली घालायची आणि म्हणायचं, "भासरे, पानी टाका जी." असं म्हणून सगळ्या इतक्या हसत की पाळीवरची गुरं थांबून पाहत.

कुंपणाशी कुणी पुरुष रेंगाळला तर रंभाबाई दगड उचलत होती. मारला कधी नाही. नेम चांगला आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

एक्याऐंशीत वासुदेवराव गेले. ब्याऐंशीत पावसानं ऐन वेळी दगा दिला. धान निसवत होतं, म्हणजे लोंबी पोटातून बाहेर निघायची वेळ, आणि या वेळी पाणी नसेल तर लोंबी पोकळ. तलावात तळाशी गाळ आणि गाळात बगळे. तलावाचं पाणी पाळीपाळीनं सोडायचं काम सोमाजीकडे. त्याच्याकडे सोडायला काही उरलं नव्हतं. गावात पाणी होतं ते एकाच ठिकाणी, बगीच्याच्या हौदात. चार फूट, निळं-हिरवं, शांत.

हौदाच्या खालीच भैयाजीच्या चार बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं. भैयाजी गावातला मोठा शेतकरी, पाणीवाटप समितीचा नवा मुख्य. हा माणूस एरवी रंभाबाईशी मान वळवून बोलत नव्हता. एका बुधवारी तो कुंपणाबाहेर हात जोडून उभा राहिला.

"रंभाबाई, हौदाच्या बुडाची चावी खोला. चार बांध्या वाचतीन. उसनं पानी देजा. पुढल्या साली तलाव भरला का पयलं पानी तुमच्या हौदात."

उसनं पाणी ही इथली जुनी रीत. एकाच्या बांधीला तहान लागली तर शेजारी आपली पाळी देतो, पुढच्या खेपेला तेवढं पाणी परत घेतो. कागद नाही, अंगठा नाही. सोमाजी साक्षीला उभा राहतो, झालं. आजोबा-पणजोबापासून कुणी उसनं पाणी बुडवलं असं झालेलं नाही.

रंभाबाईनं हौदात बसलेल्या बायकांना विचारलं. सीताबाई म्हणाली, "धान मरून राह्यलं माय. आपन इथं बसून कसं पाहाचं?" आणि एकेक करून सगळ्या पाण्याबाहेर आल्या. लुगडी पिळली. रंभाबाईनं बुडाची चावी फिरवली. सोमाजी साक्षीला होता. पाणी भैयाजीच्या बांध्यांत उतरताना त्याचा आवाज तिनं ऐकला आणि तिला बरंच वाटलं. हेही लिहिलं पाहिजे. तिला बरं वाटलं होतं.

पुढच्या साली तलाव असा भरला की सांडव्यावरून पाणी वाहिलं. रंभाबाई सोमाजीकडे गेली. "आमचं पानी."

सोमाजीनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "समितीले विचारा लागते, बाई."

समिती देवळाच्या ओट्यावर बसली होती. भैयाजीनं तिच्याकडं पाहून न पाहिल्यासारखं केलं. म्हणाला, "हे पाहा, उसनं पानी बांधी-बांधीत चालते. बगीचा का बांधी होय? हौदात का धान पिकते? रीत ते रीत."

"द्याच्या वेळी हौद होता, घ्याच्या वेळी बांधी पाह्यजे?"

"मी का नाही म्हनलो का?" भैयाजी म्हणाला. "रीतीत बसत नाही, एवढंच म्हनून राह्यलो."

बाकीच्यांनी माना खाली घातल्या. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या बायका त्या हौदातून उठून बाहेर आल्या होत्या. सोमाजी, जो साक्षी, तो चिलीम भरत होता.

पाणी नाही तर तिकीट नाही. पंचायतीनं दाराला कुलूप घातलं, किल्ली मात्र रंभाबाईकडेच राहिली, कारण कुणाला मागायला यायची हिंमत नव्हती. हौद उन्हानं तडकला. लाल कोब्याच्या घसरगुंडीवर लोकांनी मोहफुलं वाळत घातली. हत्तीच्या सोंडेला कुणी म्हैस बांधली, म्हशीनं झटका दिला. रंभाबाई पवनीला गेली, भंडाऱ्याला गेली. तीन वर्षांत सात अर्ज. शाळेत चौथीपर्यंत शिकलेलं अक्षर, पण स्वच्छ. साहेब लोक वाचून म्हणत, बाई, हा तुमच्या गावातला विषय आहे, गावात मिटवा. गावात गेलं की गाव म्हणे, साहेबाकडून लिहून आणा. भोजराज म्हणायचा, "सोड आता. पोहणंच होतं ना?" त्या दिवशी भोजराजला भाकर वाढली गेली नाही.

शहाऐंशीच्या आषाढात रंभाबाई रोवणीला वाकली होती आणि वाकल्या वाकल्याच थांबली. सरळ उभी राहिली. मग सीताबाईला म्हणाली, "बांधी पाह्यजे ना त्याले? बांधी देऊ."

पुढचे तीन दिवस नऊ बायकांनी डोक्यावर टोपल्या वाहिल्या. तलावाच्या काठचा गाळ हौदात टाकला, वीतभर थर केला. पावसाच्या पाण्यात तुडवला. रंभाबाईच्या रोवणीतून उरलेली रोपं आणली आणि साठ बाय चाळीसच्या त्या सिमेंटच्या हौदात, हत्तीच्या समोर, वाकून रोवणी केली. सीताबाईनं गाणंही म्हटलं. बेत सोपा होता. धान उभं राहील, पाणी मागायचा हक्क येईल, हौद काठोकाठ भरून घ्यायचा, आणि एकदा पाणी आलं की धान उपटून फेकायचं. गाळ काय, मागाहून निघेल.

आश्विनात पावसानं ओढ दिली. रंभाबाई देवळाच्या ओट्यासमोर जाऊन उभी राहिली. "माही बांधी सुकून राह्यली. धान निसवलं. उसनं पानी परत पाह्यजे."

भैयाजी हसला. "हौदातलं धान?"

"जाऊन पाहा. धान नसन तर मले पाळीवरून ढकला."

तेव्हा कृष्णराव बोलले. समितीतले सगळ्यात म्हातारे, तीन वर्षं तोंड न उघडलेले. "निसवलेल्या धानाले पानी नाही म्हनता येत नाही, भैयाजी. ते कोनाचंही असो. हे पन रीतच होय." म्हाताऱ्याची मान लटलटत होती, पण शब्द पक्का. भैयाजीला सोमाजीकडं बघून मान हलवावी लागली.

बुधवारच होता. रंभाबाईनं दिवस मुद्दाम धरला होता. चार वर्षांनी तिनं बुधवारचं कुलूप काढलं. बायका आल्या, काही तर सुनांना घेऊन. सोमाजीनं पाट फोडला. पाणी हौदात शिरलं, गाळावर पसरलं, धानाच्या बुडाशी चढत गेलं. घोट्याला लागलं. सीताबाई हसली. आणि सोमाजीनं फावडं मारून पाट बंद केला.

"कायले थांबला?" रंभाबाई म्हणाली.

"झालं ना."

"काय झालं? चार फूट होतं. मी चार फूट देल्लं."

"बाई," सोमाजी म्हणाला, आणि या वेळी त्यानं तिच्याकडं सरळ पाहिलं, "निसवलेल्या धानाले घोट्याएवढं पानी लागते. त्याच्यावर सोडलं तर लोंबी कुजते. हौद असता तं चार फूट सोडलं असतं. तू बांधी म्हनून मागतली. बांधीचं पानी बांधीच्या मापानं."

तिनं शिवी द्यायला तोंड उघडलं आणि द्यायची कुणाला ते सुचलं नाही. मग ती धानात उतरली. मुठीत धानाचं पहिलं चूड धरलं. उपटायचं, सगळं उपटायचं, आणि रिकामा हौद दाखवून म्हणायचं, हा घे हौद, आता सोड चार फूट. लोंबी तिच्या मनगटावर वाकली होती. दाण्यात दूध भरत होतं, नखानं दाबलं असतं तर पांढरं निघालं असतं. ती मूठ तशीच धरून किती तरी वेळ उभी राहिली. काठावरून बायका पाहत होत्या. त्यांच्यातली एकही म्हणाली नाही, उपट.

रंभाबाईनं मूठ सोडली.

मग ती तिथंच, धानाच्या दोन ओळींच्या मधे, लुगड्यासकट खाली बसली. पाणी मांडीवरही चढेना. सीताबाई उतरली आणि तिच्या शेजारी बसली. मग आणखी चौघी. चिखलात. समोर तुटक्या सोंडेचा हत्ती. एका नव्या सुनेनं विचारलं, "इथं काय करत होते जी तुमी?" सीताबाईनं सवयीनं पदर डोक्यावर ओढला.

"आणखी सोड, सोमाजी," रंभाबाई बसल्या जागेवरून म्हणाली.

"नाही सोडता येत, बाई."

"मले माईत हाय. तरी सोड म्हनून राह्यली."

पाच वाजता ती उठली, लुगडं पिळलं आणि दाराला कुलूप लावलं. कार्तिकात त्या हौदातलं धान नऊ जणींनी कापलं. चांगलं भरलं होतं, भैयाजीच्यापेक्षा चांगलं. समितीच्या यादीत त्या जागेपुढं आता बांधी असं लिहिलं आहे, आणि दर साली, न मागता, घोट्याएवढं पाणी येतं.