दवा आणि दावा

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती, म्हणून मी मालकच म्हणते. नाव घेतलं की आयुष्य कमी होतं म्हणायच्या बाया. माझा काही त्यावर विश्वास नाही. पण जन्मभर घेतलं नाही, आता म्हातारपणी घेऊन काय मिळवायचंय?

आम्ही भोई, गंगेच्या काठचे. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. निजामाचं राज्य होतं तेव्हा. आमच्या हाताला कामं दोनच, पाण्यातला मासा आणि खांद्यावरचा मेणा. मेणा म्हणजे चारी बाजूंनी पडदे लावलेली पालखी. मोठ्या साहेबांच्या बायका पडद्यातल्या, त्या कुठं निघाल्या की आमच्या माणसांना सांगावा यायचा. मालक पुढच्या खांद्याचे. मेण्यात वाट दिसते ती पुढच्यालाच. मागचा मेण्याच्या आडोशाला असतो, त्याला पायाखालचा दगडसुद्धा दिसत नाही. म्हणून पुढचा ओरडत चालतो, "खड्डाऽऽ", "काटाऽऽ", "पाणीऽऽ", आणि मागचे तेच म्हणत पाय टाकतात. असं ओरडून ओरडून मालकांचं बोलणंच ताणून झालं होतं. भाकर मागायचे तरी "भाऽकर". मी म्हणायची, अहो, घरात मेणा नाही, सरळ मागा.

हसण्यावारी नेलं ते मी. पुढं तेच ताणणं नडलं.

उन्हाळ्यात गंगा आटली की आमच्या गावाखाली एक मोठा डोह उरायचा. त्यातल्या माशांवर सगळा भोईवाडा पावसापर्यंत तग धरायचा. त्या साली सरकारनं तो डोह मक्त्यानं दिला. मक्तेदार कुठला बाहेरचा. त्याची माणसं आली, त्यांनी डोहात जाळी टाकली, मासे काठावरच फोडून वाळू घातले आणि सगळी घाण पाण्यात लोटली. आमचा पाणवठा तिथंच लागून. आम्ही सांगायला गेलो तर म्हणाले, पाणी सरकारचं, मासा आमचा, तुमचं काय हाय इथं? आमच्या पोरांनी जाळं टाकलं तर काठ्या उगारल्या. आणि मग पटकी आली. पहाटे हगवण लागायची, दिवस मावळेपर्यंत माणूस चिपाडासारखा व्हायचा. आमच्या शेजारचं घर त्यातच बसलं. गावानं मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडला, तर शेजारच्या गावानं तो परत आमच्याच शिवेत आणून लोटला. देवीलाच जिथं कुणी दारात उभं करीना, तिथं भोयांना कोण विचारतो!

मालक भोईवाड्याचे पुढारी. कुणी निवडले होते असं नाही. साहेबलोकांचे मेणे उचलून थोडं उर्दू कानावर पडलेलं, एवढीच काय ती पुढारकी. त्याच सुमाराला तलवाड्याच्या आमराईत तालुकदारसाहेबांच्या राहुट्या पडल्या. तालुकदार म्हणजे अख्ख्या जिल्ह्याचा साहेब. त्याच्या कानावर घातल्याशिवाय काही होत नाही म्हणून मालक धुतलेलं धोतर नेसून चालत गेले.

साहेब कुठला भेटतो! त्याचा पेशकार, म्हणजे कागदपत्रं बघणारा कारकून, भेटला. मालकांनी आधी डोहाचं सांगितलं, मक्तेदाराचं सांगितलं, मग पटकीचं, आणि शेवटी हात जोडून म्हणाले, सरकार, हमना दऽवा होना, म्हणजे आम्हाला औषध पाहिजे. पेशकारानं मान वर न करताच विचारलं, दावा? मक्तेदारावर दावा लावायचा? मग इथं काय काम, स्टांप घे आणि बीडच्या कचेरीत जा. मालक म्हणाले तसं नव्हं, दऽवा. माणूस घाबरला की त्याची सवय आणखी वाढते. ते जेवढं समजावून सांगायला गेले तेवढा त्यांचा दवा लांबत गेला. चपराशी तोंडावर हात धरून हसले आणि त्यांनी मालकांना आमराईच्या बाहेर काढलं.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, अहो, गावात माणसं मरायलीत आणि तुम्हाला एक काना सांभाळता येईना? लई बोलले मी. ते भिंतीला टेकून बसून राहिले, भाकरीला हात लावला नाही. मग मलाच वाईट वाटलं. पण तोंडातून गेलेलं काय परत येतं?

मग सांगावा आला. तालुकदारसाहेबांची बेगम गंगेपलीकडून येणार होती, तिचा मेणा आमच्या माणसांनी पात्रातून उचलून तलवाड्याला पोचवायचा होता. वाट आमच्या गावावरूनच. मालक अंगणात बसून जाळ्याची गाठ सोडवत होते, ते थांबले आणि माझ्याकडं बघत राहिले. मेणा वाहताना भोई खांदा बदलतात. तेव्हा मेणा खाली टेकवतात, घाम पुसतात, बदलीची माणसं लागतात. तो कुठं टेकवायचा हे पुढचा भोई ठरवतो. त्यात साहेबाचंही चालत नाही, कारण थकलेल्या माणसानं मेणा पाडला तर आतल्या माणसाचीच हाडं मोडायची. आमचा खांदा नेहमी गावाबाहेरच्या लिंबाखाली बदलायचा.

"मी मेणा आपल्या दारापुढं टेकवीन," मालक म्हणाले. "गडी मानूस पडद्यातल्या बाईशी बोलला तर चामडी सोलतेल. तू बाई हायस. तू बोल. आदी डोहाचं सांग, मंग दवेचं."

भोईवाड्यातले सगळे जमले. सगळ्यांचं म्हणणं तेच पडलं, डोहाचं आधी. डोह हाताला आला तर पोट भरेल, मक्तेदाराची घाण जाईल, पटकीही जाईल. खोटं नव्हतं ते. मी मान डोलावली. ते दोन शब्द मी दिवसभर घोळवत होते, डोह, दवा, डोह, दवा.

दुसऱ्या दिवशी मालक उजाडायच्या आत पात्राकडं गेले. आणि ते गेल्यावर आमच्या लेकीला उलटी झाली.

एकुलती एक लेक माझी. तिच्या आधीचे दोन गंगेनं नाही नेले, पाळण्यातच गेले. ही तेवढी जगली होती, लई बडबडी, बापासारखी ताणून बोलायची. मी तिला लिंबाचं पाणी दिलं, ते बाहेर आलं. पेज दिली, तीही बाहेर आली. ऊन अंगणात येईपर्यंत तिचे डोळे खोल गेले. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. शेजारच्या घरात मी हेच बघितलं होतं. मला कळत होतं काय चाललंय आणि मला ओरडताही येत नव्हतं, कारण ओरडले असते तर भोईवाड्यात कळलं असतं, कुणीतरी पात्राकडं धावलं असतं आणि मालकांनी मेणा टाकून दिला असता. मेणा टाकला की बेगमही गेली. मी लेकीचं डोकं मांडीवर घेऊन वाटेकडं कान लावून बसले.

मग ऐकू आलं. "दगडऽऽ", "चढऽऽ". मागून सगळ्यांचं एका सुरात. मेण्याच्या मागं-पुढं घोडेस्वार. लिंब आला. एक स्वार तिथं थांबलासुद्धा, त्याला ठाऊक होतं खांदा इथंच बदलतो म्हणून. मालक थांबले नाहीत. "वळणऽऽ" म्हणाले आणि मेणा भोईवाड्यात शिरला. स्वार घोडा दामटीत आला, हा कुठला रस्ता म्हणून आरडायला लागला, पटकीचा वाडा आहे हा, इथं कशाला? मालक सरळ बघत चालत राहिले. आमच्या दारापुढं येऊन म्हणाले, "खांदाऽऽ", आणि मेणा खाली टेकला.

मी लेकीला घोंगडीवर ठेवलं आणि बाहेर पडले. स्वारानं चाबूक वर केला. मी पडद्याला लागून जमिनीवर बसले, म्हटलं मारायचं तर मेण्याला लागेल बघ. आतून बांगड्यांचा आवाज आला. पडदा बोटभर सरकला. आत अंधार होता, अत्तराचा वास होता, आणि दोन डोळे दिसले, माझ्याच वयाच्या बाईचे.

"क्या होना तेरेकू?" तिनं विचारलं.

आता डोहाचं सांगायचं होतं. ओठावर होतं. मालक दांडीपाशी उभे होते, मान खाली, मेण्याकडं पाठ. बाकीचे भोई माझ्याकडं बघत होते. घरात लेक कण्हली.

"दवा," मी म्हणाले. विळ्यानं देठ तोडावा तसं तोडून म्हणाले. "बाई, दवा. पटकी हाय. माझी लेक आत मरायली."

मालकांची मान वर झाली ते मी बघितलं. त्यांना तेव्हाच कळलं. पण त्यांना वळता येईना, पडद्याकडं वळलेला पुरुष मग जिवंत कशाला राहतो. ते समोरच बघत उभे राहिले. आतून बेगमनं स्वाराला काहीतरी सांगितलं, मग मला विचारलं, और कुछ?

डोह. एक शब्द. मला विसर पडला असं पुढं पुष्कळांनी म्हटलं. काही विसर पडला नाही मला. मी तेवढ्यात सगळा हिशोब केला. डोह म्हटलं की मक्तेदार आला, मक्तेदार आला की दावा झाला, आणि दावा झाला की स्टांप आणा, कचेरीत जा. दाव्यापायी माझ्या लेकीची दवा जाऊ देणार होते होय मी? मी म्हटलं, नाही बाई, दवाच.

मागून बैलांच्या दमणीत त्यांचा डागदर येत होता. बेगमनं त्याला तिथंच उतरवला, मेणा पुढं तलवाड्याला गेला. मालकांना तो पोचवावा लागला. ते गेले, "वळणऽऽ" म्हणताना त्यांचा आवाज फाटला. मागच्यांनी तो शब्द तसाच फाटका उचलला.

डागदरानं लेकीला कसलीशी पुडी दिली, मीठ-साखरेचं उकळलेलं पाणी चमच्या-चमच्यानं पाजायला लावलं. दिवस मावळला तरी लेक होती. मालक तलवाड्याहून पळत आले, उंबऱ्यातच थांबले, आत यायचा धीर होईना. लेकीनं त्यांना बघून "पाऽणी" म्हटलं. तेव्हा ते उंबऱ्यावर बसले आणि रडले. मी पहिल्यांदाच बघितलं त्यांना रडताना, आणि मला लई बरं वाटलं.

आता दवेचं पुढं काय झालं ते ऐका. डागदरानं विहिरीत लाल दवा टाकली, घरोघर फिरला, पटकी उतरली. मग तो पाणवठ्यावर गेला. तिथं मक्तेदाराची घाण बघितली आणि नाकाला रुमाल लावून परत आला. चार दिसांनी दवंडी पिटली, पुढला हुकूम होईपर्यंत डोहात कुणी जाळं टाकायचं नाही. मक्तेदारानं नाही आणि भोयांनीही नाही. मक्तेदाराचं काय जातंय, त्यानं खालच्या अंगाचा दुसरा डोह धरला. आमची जाळी मात्र खुंट्यांवर वाळत पडली. ज्यांची लेकरं माझ्या दवेनं उठून बसली होती त्यांनीच भर अंगणात येऊन म्हटलं, पुढाऱ्याच्या बायकोनं डोह घालवला.

मला राग आवरेना. मी म्हटलं, उद्या परत मेणा आला ना, तर परत हेच बोलेन. जा, काय करायचं ते करा. मालक काहीच बोलले नाहीत. त्यांच्या बाजूनं नाही की माझ्या बाजूनं नाही. ते जास्त लागलं मला. माझ्याशीही ते जेवढ्यास तेवढं बोलायचे. मला वाटायचं, आदी डोहाचं सांग म्हणाले होते, ते मनात धरून बसलेत. शेवटी एकदा मीच तोंड उघडलं, म्हटलं, शिव्या तरी द्या, पण बोला.

ते लेकीला न्हाऊ घालून तिचं डोकं पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "बोलायचं काय? त्या दिशी मीच पुढं हुतो आन् मलाच वाट दिसली न्हाई. तुला दिसली."

पाऊस तोंडावर आला तरी हुकूम उठेना. तेव्हा भोईवाड्यानं ठरवलं की आता बीडला जायचं, कचेरीत उभं राहायचं, डोह सोडवायचा. पुढारी अर्थात मालकच. निघायच्या सकाळी त्यांनी मुंडासं बांधलं, भाकरीचं गठुडं उचललं, आणि दारातच घुटमळले. मी म्हटलं, कावून थांबलात?

"ह्या खेपेला खरंच दावा हाय," ते म्हणाले. "आन् मी म्हनलं तर ते नक्की दवाच ऐकतील. चल तू."

मी म्हटलं, कचेरीत बाईमाणूस कुठं असतं? ते म्हणाले, ते मला म्हाईत न्हाई. मग वाटेवरून बाजूला झाले आणि माझ्यासाठी जागा केली.

"पुढचा खांदा तुझा," म्हणाले.

मी लेकीला कडेवर घेतलं आणि बीडच्या वाटेला लागले. ते मागून येत होते. थोडं पुढं गेल्यावर वाटेत खड्डा आला. मी काही बोलले नाही, तर मागून आवाज आला, "सांग की, काय हाय म्होरं?"

मी म्हटलं, "खड्डाऽऽ."

मागून त्यांनी, आणि कडेवरून लेकीनं, तोच शब्द उचलला.