पिवळं पाणी

लेकीची प्रयोगशाळा पाहायला गेले होते. तिने काचेच्या भांड्यातलं पिवळसर पाणी दाखवलं. "आई, यात अँटिबायोटिक आहे. आपण घेतलेलं औषध सांडपाण्यातून असंच नदीत जातं." मग तिने त्यात चिमूटभर काळी पूड टाकून दिवा लावला. उजेड पडला की ही पूड स्वतः न संपता औषध मोडते, म्हणाली. तासाभराने पूड खाली बसली, तेव्हा पाणी नितळ दिसत होतं.

ती तीन वर्षांची असताना न्यूमोनियातून अशाच औषधाने वाचली होती. तेव्हा मी बाटलीला हात जोडले होते. आज तीच ते मोडत होती. बरं वाटून घ्यावं की वाईट, मला कळेना.

"आता हे पाणी चांगलं झालं?" मी विचारलं.

"माहीत नाही. त्या औषधाचे तुकडे कसले झालेत, ते अजून आम्हालाही कळलेलं नाही," ती हळूच म्हणाली.