नाशपातीला जामीन

नुसरत उस्तो, म्हणजे कारागीर नुसरत, तंदूर घडवायचा, पण त्याचा खरा धंदा विचाराल तर जामीन राहणं. पंजाकेंटच्या वरच्या अंगाला, झरफशान नदीच्या काठी त्याचं गाव. तिथे कुणाच्या मुलीला स्थळ आलं, की मुलाच्या स्वभावाला जामीन कोण? नुसरत. दोन भावांची पाण्याच्या पाळीवरून झालेली भांडणं मिटली, की ती मिटलेलीच राहतील याला जामीन कोण? पुन्हा नुसरत. कुणी विचारायच्या आधीच हा छातीवर हात ठेवून मोकळा होई. बायको हुमायरो म्हणायची, "लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यात तुमचा हात धरणारा अजून जन्मायचाय."

पण शब्दाचा मात्र पक्का. तंदूर बसवून दिला की सांगायचा, "दहा वर्षं भिंतीवरची एक रोटी सुटून विस्तवात पडणार नाही. मी आहे ना!" आणि नवव्या वर्षी एखाद्या म्हातारीची रोटी पडलीच, तर हा मातीची बादली आणि त्या मातीत मळायला बोकडाचे केस घेऊन तिच्या दारात उभा. बोलावणं नाही, मजुरी नाही. वर तिच्या शिव्या खाऊन, चहा पिऊन परत.

त्याच्या अंगणात नाशपातीचं एकच झाड होतं. हुमायरोचा बाप सरकारी बागेत माळी होता. लग्नानंतरच्या पहिल्या वसंतात तिनं माहेरहून कलम आणून लावलं ते हे. कमरेइतक्या उंचीवर त्याला दोन जाड फाटे फुटले होते आणि त्यांच्या बेचक्यात एक जुनी चीर होती. चार वर्षं झाडानं फळ दिलं नव्हतं. कधी ऐन फुलोऱ्यात थंडी पडे, कधी फुलोराच नसे.

अशा झाडाला धाक घालायची गावाची रीत आहे. एकानं कुऱ्हाड उगारायची, दुसऱ्यानं मध्ये पडून गयावया करायची. नवरोजच्या, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या, आधीच्या आठवड्यात दोघांनी ती रीत केली. कुऱ्हाड हुमायरोनं घेतली, कारण गयावया करणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"फुकट खाणारं झाड मला नको," असं ओरडून तिनं कुऱ्हाडीची बोथट बाजू बुंध्यावर हाणली. "आज तोडतेच!"

"थांब, हुमायरो! यंदा फळ देईल ते. मी जामीन!" नुसरतनं झाडाला मिठीच मारली. एवढ्यावर थांबायचं असतं. पण उस्तोला उमाळा आला. तो झाडाच्या सालीला गाल लावून म्हणाला, "आणि एकदा का यानं फळ धरलं, की त्याला कुणी बोट लावणार नाही. पिकून हातात येईपर्यंत कुणीही नाही. ही माझी जबान!"

"हे शेवटचं शेपूट कुणी सांगितलं होतं?" हुमायरोनं कुऱ्हाड खाली ठेवत विचारलं. पण शब्द तोंडातून गेला होता.

त्या वसंतात झाड असं फुललं की भिंतीपलीकडचा शेजारी फैझअली मुद्दाम शिडी लावून बघायला चढला. थंडी पडली नाही. मे महिना सरता सरता एकेका घोसात पाच-पाच, सहा-सहा फळं दिसू लागली. नुसरत येईल जाईल त्याला झाडापुढे उभं करून सांगे, "बघा, शब्द याला म्हणतात!" तुती संपत आली तेव्हा हुमायरोनं मेंढ्यांची लोकर कातरायची छोटी कात्री धार लावून आणली.

"हे काय?" तो झाडाआड उभा राहिला.

"फळं विरळ करायची. घोसात एक ठेवायचं, फार तर दोन. बाकीची काढायची."

"पोटची पोरं फेकतेस?"

"अहो, चार वर्षांचं एकदम आलंय. एवढी पोसायची कशी झाडानं? सगळी ठेवलीत तर बोराएवढी राहतील, पुढल्या साली एक फूल येणार नाही, आणि ती बेचक्यातली चीर बघा. फळं पिकायला येऊन वजन वाढलं की झाड उभं फाटेल. फैझअलीचं सफरचंद गेल्या साली कसं गेलं?"

नुसरतला ते आठवत होतं. अर्धं झाड फळांसकट कोंबड्यांच्या खुराड्यावर कोसळलं होतं. पण तो हलला नाही. "झाडानं त्याचा शब्द पाळला. आता मी कात्री चालवू देऊ? लोक काय म्हणतील ते सोड, हे झाड काय म्हणेल?"

"झाडानं कसला शब्द पाळला? मी कुऱ्हाड उगारली तेव्हाच कळ्या टपोऱ्या झाल्या होत्या. मी पाहिल्या होत्या."

"मग उगारलीस कशाला?"

"तुम्हाला हौस होती म्हणून!"

त्या आठवड्यात गावानं उस्तोची यथेच्छ चेष्टा केली. फैझअली त्याला 'अका', म्हणजे दादा, म्हणे. तो भिंतीवरून म्हणाला, "अका, तुम्ही कुणी हात लावणार नाही म्हणालात. माझी शेळी सोडतो. शेळीला हात कुठे असतात?" मशिदीचे इमाम हसून हसून खोकले आणि म्हणाले, की झाडाला दिलेला शब्द मोडल्याचा गुन्हा त्यांच्या वाचनात तरी आलेला नाही. नुसरतनं सगळं ऐकून घेतलं आणि नदीकाठचे विलो तोडून फांद्यांना टेकू द्यायला अठरा खांब करून ठेवले. हुमायरो म्हणाली, "फांद्यांना खांब द्याल. चिरेला काय देणार?" तो दिवसातून तीनदा त्या चिरेत बोट घालून बघे. झाड त्याचं लाडकं होतं, आणि ते आपल्याच शब्दापायी फाटेल की काय, या धास्तीनं त्याला घास गोड लागेना.

मग एका सकाळी तो अंगणात आला, तर झाडाखाली हिरवा सडा. अंगठ्याएवढ्या नाशपात्या, शेदोनशे तरी. वारा नव्हता, पाऊस नव्हता. उस्तो तरातरा स्वयंपाकघरात गेला.

"रात्री झाड हलवलंस?"

हुमायरो कणीक मळत होती. तिनं वर पाहिलं. "काय म्हणालात?"

"माझ्या पाठीमागे हात लावलास. मला तोंडघशी पाडलंस."

एकतीस वर्षांच्या संसारात तिनं त्याला हजार गोष्टी सुनावल्या होत्या, पण खोटं एक बोलली नव्हती. हे त्यालाही ठाऊक होतं आणि तरी तो बोलून बसला. जिभेला हाड नसतं ते असं. तिनं भांडण केलं नाही. हात धुतले, कणकेवर फडकं टाकलं आणि बोलणंच बंद केलं. त्या दिवशी त्याच्यापुढे चहा आला, रोटी आली, जर्दाळूही आले. शब्द तेवढा आला नाही. भांडखोर बायको गप्प झाली की घर किती मोठं वाटतं, हे नुसरतला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी तो पहाटेपासून झाडाखाली खाट टाकून पहाऱ्याला बसला. बायकोला रंगेहाथ पकडायचं होतं म्हणे. ऊन वर आलं. पान हलत नव्हतं. हुमायरो पलीकडे ओसरीत, त्याच्या नजरेसमोर, लोकर पिंजत बसली होती. टप्. एक नाशपाती त्याच्या टोपीवर पडली. त्यानं वर पाहिलं. टप्. दुसरी खाटेवर. दुपारपर्यंत तीसेक पडल्या आणि झाडाला कुणी बोटही लावलेलं नव्हतं.

त्यानं चाकू काढून एक फळ चिरलं. आत बी पोकळ. दुसरं चिरलं, त्यात अळी. तिसऱ्याला बीच नाही. घोसाकडे बघितलं, तर सहातली तीन उरलेली आणि ती तिन्ही धडधाकट. झाड आपल्याला न झेपणारं आपणच सोडून देत होतं, कुणाला न विचारता.

"सुंठीवाचून खोकला गेला की, अका!" भिंतीवरून फैझअली म्हणाला.

"अजून नाही गेला," हुमायरो म्हणाली. पण नवऱ्याला नाही, फैझअलीला. "घोसात तीन म्हणजेही जास्तच. झाडानं आपल्या वाट्याचं केलंय. आता माणसानं करायचं. सांगा तुमच्या उस्तोला."

"अका, वहिनी म्हणतात—"

"ऐकू येतं मला." नुसरतनं हातातलं चिरलेलं फळ खाली ठेवलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "तुटू नये म्हणून जामीन राहिलो होतो. आता माझ्याच शब्दापायी फाटलं तर मी कसला जामीन?" तो उठला, ओसरीतून कात्री घेतली. "शब्द माझा. मोडायचा तर मीच मोडीन. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

त्यानं शिडी लावून पहिल्या घोसाला हात घातला. "माफ कर, बाबा," तो झाडाला म्हणाला आणि कात्री दाबली. दुसऱ्यालाही "माफ कर." तिसऱ्यालाही. खालून हुमायरोच्या सूचना सुरू झाल्या, त्याही फैझअलीमार्फत.

"सांगा त्यांना, हिसकू नका. देठ धरून कापा. देठाखालची गाठ मोडली तर पुढल्या सालची फुलं गेली."

"अका, गाठ!"

"सांगा, मोठं ठेवा, डागाळलेलं काढा. उलट नाही!"

"अका, उलट नाही!"

"आणि दोन फळांत वीतभर अंतर. वीत म्हणजे त्यांची, माझी नाही."

फैझअलीची करमणूक चालली होती. एरवी तो इतक्या आनंदानं निरोप पोचवत नाही. दुपार टळली तसा उस्तोचा हात सराईत झाला, पण तोंडातलं "माफ कर" काही थांबेना. शेवटी तो शिडीच्या वरच्या पायरीवर होता, तेव्हा खालून आवाज आला, आणि या खेपेला थेट त्यालाच.

"अहो. झाडाची सकाळपासून माफी मागताय. माझी कधी?"

कात्री थांबली. नुसरतनं खाली पाहिलं. हुमायरो शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती. किती वेळ धरून होती, त्याला माहीत नव्हतं. त्याचं तोंड लाजेनं लाल झालं. तो एकेक पायरी उतरून तिच्यासमोर आला आणि भिंतीपलीकडे काय, मशिदीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाला, "हुमायरो, मी चुकलो! तू हात लावला नव्हतास. लावला नसशील हे मला त्याच क्षणी ठाऊक होतं आणि तरी बोललो."

"ऐकलं हं!" फैझअली ओरडला. "मी साक्षीला!"

हुमायरोनं डोळ्यांना डोक्यावरच्या रुमालाचं टोक लावलं, मग त्याच टोकानं त्याच्या टोपीवरची पानं झटकली.

"बरं, आता चढा परत," ती म्हणाली. "मागची फांदी तशीच राहिलीय, आणि शिडी काही मी रात्रभर धरणार नाही."