बैलाच्या ताटातली पोळी

पिंगळीचा बन्सीधर जन्माचा संशयी. विकत घेतलेली कडब्याची पेंढीसुद्धा तो सोडून पाहायचा. पंच्याऐंशी साली त्याच्या पायाची जखम भरेना. परभणीच्या डॉक्टरनं साखरेचा आजार सांगितला आणि त्याची बायको बायनाबाई हिला बजावलं, "गोड सुटलं नाही तर पाय जाईल." त्या दिवसापासून त्याच्या ताटात गव्हाच्या पोळीऐवजी ज्वारीची भाकरी आली. सणाच्या पुरणपोळीतूनही त्याच्यापुरता गूळ गेला, नुसती वेलची आणि जायफळ राहिली.

बन्सीधरला पटेना. "घरातला गूळ तुझ्या माहेरी जायलाय का?" तो विचारायचा.

पोळा आला. बैलाच्या शिंगांना हिंगूळ लागला, अंगावर झूल चढली. ओवाळून बायनाबाई बैलाला पहिला घास देणार, तोच बन्सीधरनं त्या ताटातली पुरणपोळी उचलून चावली. तोंडभर गोड!

"बैलाला गूळ, अन् मला सपक?"

"बैलाला साखर झाली न्हाई," बायनाबाई म्हणाली. "निवद उष्टा केला तुमी. आता त्याला काय देऊ?"

वरमून त्यानं आपली बिनगुळाची पोळी पुढं केली. बैलानं हुंगून तोंड फिरवलं.

"घ्या, त्यालाबी संशय आला!" ती हसली. मग तिची नजर त्याच्या पायाच्या चिंधीवर गेली. "ते जनावर हाय. तुमी तरी तोंड फिरवू नका."

हातातली गोड पोळी बन्सीधरनं खाली ठेवली. बैलानं नाकारलेली पोळी त्यानं मोडली आणि गोठ्यात बसून सावकाश संपवली. बायनाबाई बैलासाठी दुसरी लाटायला गेली.