चपलेची जाहिरात

"तू लांबूनच नमस्कार कर गं. तुझ्या हातांना कातड्याचा वास असतो."

सरांनी असं म्हणताच कुंकवानं भरलेलं माझं बोट कॅमेऱ्यापासून वीतभर अंतरावर थांबलं. अख्खा वर्ग हसला. असा हसला, की रंकाळ्यात डुंबणाऱ्या म्हशींनी माना वर काढल्या असतील.

आमचा जाहिरातकलेचा वर्ग. कोल्हापुरात तेव्हा व्हिडिओ कॅमेरा म्हणजे नवलच. सरांनी तो आणला तर बघायला निम्मी पेठ लोटली, उरलेली निम्मी दारात जागा मिळाली नाही म्हणून शिव्या देत परतली. पहिल्या शॉटआधी कॅमेऱ्याची पूजा, नारळ, ही आमच्या सिनेमावाल्या गावाची जुनी रीत. सगळ्यांनी कुंकू लावलं. माझ्यापाशी येऊन रीत संपली.

आणि जाहिरात कशाची? चपलेची! माझ्या आईनं केलेली. मखमलीवर, हाराशेजारी, देवासारखी बसवलेली. कुठला शॉट कुठून घ्यायचा, त्याची सगळी चित्रं मी काढलेली. सरांनी आधीच सांगितलं होतं, ज्याची चित्रं पसंत, कॅमेरा त्याच्या हातात. पसंत पडली माझी. कॅमेरा चढला वकिलाच्या पोराच्या खांद्यावर. त्याला डोळा कुठं लावायचा तेही ठाऊक नव्हतं.

समोर स्टुलावर डॉक्टरांची मुलगी. पाय पुढं करून बसलेली.

सर मला म्हणाले, "तू खाली बस. हिच्या पायात चप्पल घाल. तुझे हात फ्रेममध्ये छान दिसतील."

बघा आता! कॅमेऱ्याला बाटवणारे हात पायाशी चालतात. डोक्यात असा जाळ पेटला, त्याच्यावर गुऱ्हाळाची काहील उकळली असती.

"सर, चित्रं माझी हायेत. मी कॅमेऱ्यामागं उभी राहणार. खाली बसणार न्हाय."

"मग चालती हो."

"जाते की."

मखमलीवरची चप्पल उचलली, पायात घातली. चित्रांचे कागद काखेत मारले.

"अगं ए, शूटिंगचं काय?" वकिलाचं पोरगं ओरडलं.

"करा की पावणं! अनवाणी करा!"

वर्गातून माझं नाव कापलं. आई आधी मला बोलली, मग रडली, मग पुन्हा चपला शिवायला बसली. मी रडले नाही. माझं ठरलं होतं. कॅमेरा मी मिळवणार. कुणाला विचारून नाही, कुणाच्या पाया पडून तर नाहीच. आणि माझ्या फ्रेममध्ये आमचं एकही माणूस कुणाच्या पायाशी बसलेलं दिसणार नाही.