साध्या कागदावरचा गोल शिक्का

ती घटना विसरता आली असती तर बरं झालं असतं. पण आमच्या नांदेड-लातूर भागात हळदीचा कार्यक्रम असला की डीजेवाला ते गाणं लावतोच, आणि मला माझ्या टेबलावर लिहून घेतलेला एक कागद आठवतो.

तेव्हा मी नांदेड शहरातल्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. गणपतीच्या आधी एक गृहस्थ तक्रारी अर्ज घेऊन आले. त्यांची पत्नी लातूरची गायिका. पहिला अल्बम आला तेव्हा तिला लातूरबाहेर कुणी ओळखत नव्हतं. दुसरा आला आणि उदगीरपासून हिमायतनगरपर्यंत कुठलीही मिरवणूक तिच्या गाण्याशिवाय निघेना. तिसऱ्या अल्बमची सहा गाणी नांदेडच्या एका स्टुडिओत तयार होती आणि दसऱ्याला ती इंटरनेटवर सोडायची होती. त्यातलं मुख्य गाणं आधीच बाहेर फुटलं, कुणीतरी चोरलं, अशी तक्रार होती. गृहस्थ बायकोचा सगळा कारभार पाहत. बोलताना 'आमचा आवाज', 'आमचं गाणं' असंच म्हणत.

दोन दिवसांत माझ्या एका खबऱ्याचा फोन आला. स्वतः डीजे वाजवणारा माणूस होता. धर्माबादला एका हळदीत ते गाणं वाजलं आणि ते नवरीच्या चुलतबहिणीच्या मोबाईलमधून आलं, एवढी पक्की खबर त्याने दिली. मी तिला ठाण्यात बोलावून घेतलं.

पोरगी तेवीस-चोवीस वर्षांची. धर्माबादला मिरचीच्या गोदामात देठ खुडायची, त्यामुळे बोटांची टोकं लाल झालेली. सोबत वडील होते. महिला अंमलदाराला शेजारी बसवून मी चौकशी सुरू केली. गाणं कुणी दिलं, हे तीनदा विचारलं. पोरगी गप्प. पोलीस खात्यात वर्षं काढली की एक वाईट खोड लागते. गरीब माणूस गप्प राहिला तर लपवतोय असं वाटतं आणि बोलला तर खोटं बोलतोय असं वाटतं. चौथ्यांदा आवाज चढवला तेव्हा ती म्हणाली, "साहेब, चोरलं न्हाई. ते म्याच गायलंय."

आम्ही हसलो. महिला अंमलदारही हसली. फ्लेक्सवरच्या त्या सजलेल्या गायिकेचा आवाज या मिरचीवालीच्या गळ्यातून निघतो, हे कुणाला पटणार? पण पोरगी हलली नाही. वडिलांच्या भजनी मंडळात ती लहानपणापासून गायची. तिथे ऐकून स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगवाल्याने तिला बोलावलं. मोठी गायिका येण्याआधी गाणं दुसऱ्या कुणाकडून गाऊन घेतात, म्हणजे वाद्यं बसवता येतात. याला ते लोक डमी म्हणतात. गायिका आली की डमी पुसून तिचा आवाज भरायचा, अशी पद्धत. पोरीने हट्ट केला म्हणून त्याने तिला ते गाणं मोबाईलवर पाठवलं होतं. आपल्या माणसांनी ऐकावं म्हणून तिने ते बहिणीच्या हळदीत लावलं. तिचा गुन्हा म्हणाल तर एवढाच.

रेकॉर्डिंगवाला ठाण्यात 'डमी पुसली' म्हणून कानावर हात ठेवून बसला. मी त्याला घेऊन स्टुडिओत गेलो आणि मूळ रेकॉर्डिंग काढायला लावलं. गाण्याच्या आधी माईक चालूच राहिला होता. त्यात पोरीचाच आवाज म्हणाला, "दादा, हेडफोनमधलं जरा कमी करा, लई जोरात होऊन राहिलं." आणि तोच आवाज लगेच गाऊ लागला. तक्रारदाराने बायकोच्या आवाजातलं म्हणून दिलेलं गाणं मी शेजारी लावून ऐकलं. श्वास घेतल्याची जागासुद्धा तीच. मग रेकॉर्डिंगवाला खाली बसला आणि खरं बोलला. बाकीची पाच गाणी गाऊन झाल्यावर गायिकेच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं, डॉक्टरांनी सहा महिने गाणं बंद केलं होतं. दसऱ्याची जाहिरात झालेली. नवरा म्हणाला, डमीच राहू द्या.

गृहस्थांना बोलावून पोरीच्या आणि तिच्या वडिलांच्या समोर हे ऐकवलं. मला वाटलं, मान खाली घालतील. त्यांनी कागद मागितला. पोरीने हे गाणं पुन्हा गाणार नाही आणि कुणाला सांगणार नाही असं लिहून दिलं तर अर्ज मागे घेतो, म्हणाले. नाहीतर वरपर्यंत जाऊन गुन्हा दाखल करायला लावतो. दिवाळीनंतर पोरीचं लग्न ठरलेलं. वडिलांनी हात जोडले. पोरीने एकच मागितलं. "साहेब, खाली बारीक अक्षरात तरी माझं नाव टाकाय लावा. दुसरं काय नगं."

गृहस्थ म्हणाले, पोस्टर छापून झालेत.

वरून दबाव होता, असं लिहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पण कुणाचाही फोन आला नव्हता. गणपतीचा बंदोबस्त तोंडावर होता, टेबलावर अर्जांचा ढीग होता आणि मला एक अर्ज निकाली काढायचा होता. मी मजकूर सांगितला: 'सदर गाणे मी यापुढे कोठेही गाणार नाही व ते मी गायिले असल्याचे कोणास सांगणार नाही.' तिने सही केली. मी ठाण्याचा गोल शिक्का मारला, तिने मागितली म्हणून एक प्रत दिली, स्टेशन डायरीत 'आपसात समजूत' अशी नोंद घेतली. अशा कागदाला कोर्टात काडीची किंमत नसते. शिक्का धाक दाखवायला असतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांची भांडणं आम्ही अशीच मिटवतो आणि लोक आठ दिवसांत कागद विसरतात.

दसऱ्याला अल्बम आला आणि ते गाणं तुफान चाललं. गायिकेचे ठिकठिकाणी सत्कार झाले. पुढे घसा बरा झाल्यावर तिने चौथा अल्बम स्वतः गायला, तो पडला. लोक म्हणाले, आवाजात पहिली मजा नाही.

निवृत्त झाल्यावर गेल्या उन्हाळ्यात वर्षाची मिरची घ्यायला धर्माबादला गेलो. गोदामात देठ खुडणाऱ्या एका बाईने तोंडावरचा रुमाल खाली घेतला आणि "साहेब, वळखलं का?" म्हणाली. तीच. माझी तब्येत विचारली, पाणी दिलं. तिची मुलगी आता तिसरीत आहे. गाणं चालू आहे का, असं मी विचारलं. भजन म्हणते, म्हणाली. आणि ते गाणं?

"लेकीच्या शाळंत ग्यादरिंगला त्याच गाण्यावर नाच बसविला. लेक म्हणली, आई, मला म्हणून दाव की. म्या म्हणलं, मला येत न्हाई."

"अहो, घरात म्हणायला काय हरकत होती?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "असं कसं, साहेब? तुमीच लिहून घेतलंय न्हवं? शिक्का हाय त्याच्यावर. ट्रंकेत ठिवलाय म्या."

मग मला सांगावंच लागलं, की त्या कागदाला काहीच अर्थ नव्हता, तेव्हाही नव्हता. तिने हातातली मिरची टोपल्यात टाकली. "मंग तवाच का न्हाई सांगितलं?" एवढंच विचारलं आणि रुमाल परत तोंडावर घेतला.

नोकरीत मी सराईत गुन्हेगारांकडून ढीगभर हमीपत्रं लिहून घेतली. त्यांतलं एकही कुणी पाळलं नाही. पाळलं ते हिने एकटीने, कारण तिचा माझ्या शिक्क्यावर विश्वास होता. ज्याने काही केलेलं नसतं तोच आमच्या धाकाखाली जन्म काढतो, हे मला या प्रकरणाने शिकवलं, आणि शिकलो तेव्हा माझ्या अंगावर वर्दी नव्हती.

तिच्या सासरी यातलं काही माहीत नाही, म्हणून तिचं नाव इथेही टाकता येत नाही. पण ते गाणं तिने गायलं आहे, हे मी लिहून देतो. शिक्का मात्र आता माझ्याकडे नाही.